कळी पडेपर्यंत

आषाढ अर्धा सरला की मालवणात कुलपं अडकायला लागतात. समुद्र बंद, होड्या किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी शाकारलेल्या, पर्यटक आपापल्या गावी, आणि देवबागपासून तोंडवलीपर्यंत राहण्या-जेवण्याची सोय करणाऱ्या घरांच्या पाहुण्यांच्या खोल्या बंद. खारी हवा आणि पाऊस मिळून कुलपं आतून खातात. मग मालक कधीतरी चावी घालतो, चावी आत जाते, फिरत नाही, आणि मला फोन येतो. वास्तविक माझं दुकान मोटर वायंडिंगचं. पंखे, मिक्सर, विहिरीवरचे पंप. पण ज्याच्याकडे पक्कड आहे त्याने बाजारातलं सगळंच उघडून द्यायचं, असा आमच्याकडे रिवाज आहे.

परवाच असं एक कुलूप उघडून दिलं. खोबरेल घातलं, ठोकलं, चार शिव्या दिल्या, उघडलं. दार ढकललं तसा आतून तो वास आला. ओली गादी, डांबरगोळ्या, भिंतीवरच्या एसीत कोंडलेली मे महिन्याची हवा. त्या वासासरशी मला दर्शनाचा आषाढ आठवला. चार वर्षं झाली. अशाच बंद खोल्यांतले एसी उतरवून मी बारा पोरांना दुरुस्ती शिकवत होतो, आणि शिकवता शिकवता त्यातल्या एकीला चांगलं अडकवून ठेवलं होतं.

ही गोष्ट मी घरात बऱ्याच वेळा सांगितली आहे. जेवणं झाली, वीज गेली, भाचरं-पुतणे जमले की कोणीतरी म्हणतंच, काका, ती कळीची गोष्ट सांगा. मी सांगतो. माझी बायको सुनंदा आतून म्हणते, "ऐका, ऐका. तेंची गोष्ट वर्साक वीतभर वाढता." ते खरं आहे. पण तिची एक बाजू मी दर वर्षी वीतभर कापतही आलो आहे. ते शेवटी.

तर पुण्याच्या एका संस्थेच्या मॅडम त्या जून महिन्यात माझ्या दुकानात आल्या. मासेमारी बंद, हॉटेलं बंद, त्या दिवसांत मच्छीमारांच्या आणि मजुरांच्या घरची दहावी-बारावीनंतर घरी बसलेली मुलं असतात, त्यांना उपकरणं दुरुस्त करायला शिकवायचं आणि नंतर मोठ्या शहरात उमेदवारीला लावून द्यायचं, अशी त्यांची योजना. मालवणही शहरच, नगरपालिका आहे. पण इथे नोकऱ्या पर्यटकांबरोबर येतात आणि पर्यटकांबरोबर जातात. मॅडमना एक मार्गदर्शक हवा होता. मला नाही म्हणता येत नाही. हा माझ्यातला जन्मजात बिघाड आहे. मॅडमचा चहा संपेपर्यंत मी हो म्हटलं होतं. आठ दिवसांत माझ्या गळ्यात निळी फीत आली, तिला प्लास्टिकचं ओळखपत्र, त्यावर माझा पारपत्राला शोभेल असा फोटो आणि खाली 'मार्गदर्शक'.

"कसलो मार्ग दाखवतलात?" सुनंदाने विचारलं. "तुमका मालवण ते कुडाळ आणि कुडाळ ते मालवण सोडून दुसरो म्हायत आसा?"

वर्ग भरायचा एका बंद लॉजच्या जेवणघरात. टेबलं एकावर एक चढवून ठेवलेली, खुर्च्या उलट्या. काळा फळा आयताच होता, फक्त त्याच्या माथ्यावर पांढऱ्या रंगाने कायमचं लिहिलेलं होतं: 'आजचे मासे'. त्याखाली मी पहिल्या दिवशी लिहिलं: व्होल्टेज, करंट, रेझिस्टन्स. मागच्या रांगेतून आवाज आला, "मास्तर, करंट तळलेलो की तिकल्यातलो?" तेव्हा मला कळलं की ही मुलं शिकणार.

आषाढात आमच्याकडे कोरडं असं काही राहत नाही. वह्यांची पानं पापडासारखी फुगायची. दाराशी बारा छत्र्या पाणी गाळत उभ्या. समुद्राची गाज दिवसभर, इतकी की ती थांबली असती तर आम्ही दचकून बाहेर पाहिलं असतं. वीज दर तासाला जायची आणि मी वीज नसताना वीज शिकवायचो. कोणीतरी भाजलेल्या आठळ्या आणायचं. उघडलेल्या एसीच्या पेटीत कुंभारीण माशीने बांधलेली मातीची घरं निघायची, सरड्याची कात निघायची, एकदा तर बेडूक निघाला आणि तो स्वतःच्या घरात कोणी शिरावं तसा आमच्याकडे बघत राहिला. सगळीकडे कोंडलेपणाचा वास. बंद समुद्र, बंद खोल्या, बंद यंत्रं, आणि त्यात एकोणीस-वीस वर्षांची बारा माणसं.

मॅडमनी एक छापील तक्ता दिला होता. पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता? मी तो वाचून दाखवला. पहिला म्हणाला, "हंयच." दुसरा म्हणाला, "हंयच." तिसऱ्याने खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाला, "पाऊस कमी झाल्यावर सांगतंय." मग दर्शनाची पाळी आली. देवबागची मुलगी, बारावी झालेली, काडीसारखी. सुटे स्क्रू काढले की ती ते नारळाच्या करवंटीत ओळीने लावून ठेवायची, कोणता कुठला हे विचारावं लागायचं नाही. ती म्हणाली, "जंयचो रस्तो फुडेय जाता, अशा खंयच्याय गावात."

सगळे हसले. मी हसलो नाही, कारण मीही देवबागचाच. देवबाग म्हणजे वाळूची जीभ. एका अंगाला खाडी, एका अंगाला समुद्र, आणि मधून जाणारा एकच रस्ता, जो संगमापाशी जाऊन संपतो. पुढे पाणी. मोसमात लोक तिथे मुद्दाम येतात, त्या टोकाशी उभे राहून फोटो काढतात आणि वळून परत जातात. तिथे राहणाऱ्याला वळायला जागा नसते. पावसाळ्यात समुद्र माड ओढून नेतो. दर वर्षी अंगण थोडं आखूड होतं. दर्शनाचा बाप भिकाजी रापणीच्या जाळ्यात ओढायला जायचा. किनाऱ्यावरून चाळीस माणसांनी मिळून ओढायचं ते जाळं, एक माणूस कमी झाला की बाकीच्यांच्या खांद्यावर भार. आई गुडघ्यांनी जायबंदी. भिकाजीचा भाऊ तरुणपणी बोटीवर नोकरीला गेला तो राहायला असा परत आलाच नाही. त्या घराला जाणं म्हणजे काय ते ठाऊक होतं.

मी शिकवायला वाईट नव्हतो. मीटरची दोन टोकं तारेच्या दोन बाजूंना लावली आणि तार सलग असली की मीटर 'पीं' करतो, तुटलेली असली की गप्प. मी मुलांना सांगायचो, "मीटर आपल्या देवीसारखो. 'व्हय' नायतर 'नाय', तिसरा बोलणा नाय. म्हणान तेका एका वेळेक एकच प्रश्न इचारूचो. दोन प्रश्न एकत्र घातलात, तर बिघाड सापडूचो नाय आणि तुमचा डोक्या फिरात." दर्शनाने ते वहीत लिहून घेतलं. मला तेव्हा बरं वाटलं. आपलं कोणी लिहून घेतं आहे हे सुख वायंडरच्या वाट्याला येत नाही.

आणि मग पालकांची सभा.

पुण्याच्या एका एसी दुरुस्तीच्या कंपनीने उमेदवारीची एक जागा आमच्या वर्गासाठी ठेवली होती. वर्षभर शिकायचं, राहायची सोय त्यांचीच, पुढे नोकरी. त्यांचा माणूस आषाढातल्या एका शुक्रवारी दुपारी बारा वाजता येऊन परीक्षा घेणार होता. वर्गात कोणालाही विचारलं असतं तरी ती जागा दर्शनाची होती. मॅडम म्हणाल्या, पालकांना बोलवा, त्यांच्या मनातली भीती काढा, तुमचा स्वतःचा अनुभव सांगा.

माझा अनुभव असा. एकविसाव्या वर्षी मला मुंबईच्या लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीचं पत्र आलं होतं. वडिलांनी गावच्या देवळात कौल लावला. आमच्याकडे मोठी गोष्ट ठरवायची तर देवीला विचारतात. तगरीच्या दोन कळ्या पाण्याने देवीच्या दोन खांद्यांवर चिकटवतात. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नको. माझी डावी पडली. मी राहिलो.

ही गोष्ट मी सभेत सांगितली. सांगायला नको होती. पण समोर पंचवीस माणसं, गळ्यात फीत, आणि मी मूळचा गोष्टीवेल्हाळ. मी म्हटलं, "माका लिफ्टीतसून वर जावचा होता, देवीन खालीच ठेवल्यान." हशा आला. मग मी आवाज खाली आणून म्हटलं, "तिना अडवल्यान म्हणानच आज तुमच्या पोरांसमोर उभो आसंय. ती बघता सगळा." पंचवीस माना हलल्या. मी खूश. पुढे मी बरंच काही सांगितलं, शहर, नोकरी, मुलींनी शिकणं. त्यातलं कोणीही काही घरी नेलं नाही. भिकाजीने एवढंच नेलं की जायच्या आधी देवीला विचारायचं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दुकानात आला. पावसाने निथळत होता, आत आला नाही, पायरीवरच उभा राहिला.

"मास्तरांनू, शुक्रवारी कौलाक येवा. तुमीच तिच्या डोक्यात घातलास. उजवी पडली तर ता परीक्षेक येतला. डावी पडली तर विषय सोपलो."

"भिकाजी, शुक्रवारी बारा वाजता परीक्षाच आसा."

"कौल सकाळी आसा," तो म्हणाला. "गुरव शुक्रवारीच लावता. तुमकाय शुक्रवारीच लावलेलो ना?"

मी हो म्हटलं. चहा विचारला. तो नको म्हणून निघून गेला, आणि मी उघडी मोटर पुढ्यात घेऊन बसून राहिलो. मुलांना सापळा कसा उघडायचा हे शिकवणाऱ्याने मधोमध नवा सापळा मांडला होता, आणि आमिष म्हणून स्वतःचीच गोष्ट लावली होती.

शुक्रवारी सकाळी नऊला मी देवळात पोचलो. पावसाची सर अशी की छपरावर कोणी चिंचोके ओतत आहे. आत समईचा उजेड, ओल्या घोंगड्यांचा वास, दगडाची गार जमीन. पुढे दोन माणसं होती. एकाची म्हैस हरवली होती, तिच्या दिशेबद्दल तीन वेळा विचारून झालं. दुसऱ्याला वाटणीतली मेर, म्हणजे हद्द, ठरवून हवी होती. घड्याळात दहा वाजले, सव्वादहा झाले. दर्शना भिंतीला टेकून बसली होती, परीक्षेचे कपडे घालून, मांडीवर पिशवी, पिशवीत मीटर. तिने माझ्याकडे एकदाच पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर मला सोपं गेलं असतं. तिने शिकाऊ मुलं पाहतात तसं पाहिलं. आता काय करायचं, मास्तर?

गुरव बाबलकाका. माझा कौल लावणारेही तेच. तेव्हा त्यांची मिशी काळी होती. त्यांनी कळ्या लावल्या, हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं.

"गे आई माउली, ह्यां तुझां लेकरू भिकाजी तुझ्या पायाकडे इलां आसा. तेच्या चेडवाक पुण्याक जावची इच्छा झाली आसा. तेणां थंय जावचा, का हंय ऱ्हवून आवशीक नि घराक बघूचा, ज्यात सगळ्यांचा बरां होयत तां दाखय. जावचा तर उजवी दी, ऱ्हवचा तर डावी दी, गे माये."

"व्हय म्हाराजा," भिकाजी म्हणाला. मीही म्हणालो. सवय.

पाच मिनिटं गेली नसतील. डावी पडली.

भिकाजीने डोकं टेकवलं. त्याच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता हे मला सांगितलं पाहिजे. समुद्रावरून सगळे सुखरूप परत आले की माणसाच्या अंगातलं बळ जातं, तसा तो खाली बसला. बाबलकाकांनी पडलेली कळी उचलली आणि, रीत आहे त्याप्रमाणे, जिच्यासाठी कौल लावला तिच्याकडे वळले.

"बोल गो. परत घालू?"

ही रीत बाहेरच्यांना ठाऊक नसते. ज्याचं आयुष्य पणाला लागलं आहे त्याला एकदा विचारतात. बहुतेक जण मान हलवतात. देवीच्या तोंडावर परत विचारणं बरं दिसत नाही.

"घाला," दर्शना म्हणाली. ती उठली. आवाज बारीक होता पण तुटक नव्हता. "पण प्रश्न मी घालतंय. बा, तू दोन प्रश्न एकत्र घातलंस. माझां जाणां एक, आयेचा बघणां एक. मीटरची दोन टोकां चार ठिकाणी कशी लावतलंस? आयेच्या गुडघ्यांचा काय करूचा, ता आपण घरात बसान ठरवया. ता देवीक कित्याक?"

भिकाजीने माझ्याकडे पाहिलं. मी छपराकडे पाहिलं.

बाबलकाकांनी नव्या कळ्या लावल्या. दर्शनाने हात जोडले. मला वाटलं, ती विचारेल, जाऊ का? तिने तसं विचारलंच नाही. ती म्हणाली, "आई, मी जातंय. तुझो हात माझ्या डोक्यार ऱ्हवात काय, इतक्याच सांग."

आणि कळी पडेना.

दहा चाळीस. दहा पन्नास. पाऊस वाढला. दमट हवेत कळ्या खांद्यांना अशा बसल्या होत्या की दगडातूनच उगवल्या असाव्यात. अकरा. कौल उतरेपर्यंत उठू नये म्हणतात. देवळापासून मालवण स्कूटरवर अर्धा तास, या पावसात पाऊण. मी घड्याळाकडे पाहत होतो आणि पाहत नसल्याचं दाखवत होतो. मार्गदर्शकाने अशा वेळी काहीतरी बोलायचं असतं. मॅडमच्या एका दिवसाच्या प्रशिक्षणात हा भाग नव्हता. आणि मला जे बोलता आलं असतं, जे फक्त मलाच आणि बाबलकाकांनाच ठाऊक होतं, ते गंजलेल्या कुलपातल्या चावीसारखं फिरलंच नाही.

सव्वाअकराला दर्शना गुरवांकडे वळली. "काका, प्रश्न घालून झालो. आता मी उठलंय तर चलात?"

बाबलकाकांनी समईची वात वर सारली. मग म्हणाले, "प्रश्न तुझो. उत्तर आयकूक कोण तरी होयो. बापूस आसा मां बसलेलो."

तिने बापाकडे पाहिलं. भिकाजी हलला नाही. मांडी घालून कळ्यांसमोर बसून राहिला. उठून तिला अडवायचं, तर कौल सोडून उठावं लागलं असतं. दर्शनाने पिशवी छातीशी धरली आणि पावसात उतरली. मी मागून धावलो. पन्नाशीला आलेला माणूस ओल्या धोंड्यांवरून धावतो तसा, म्हणजे दोनदा घसरून.

स्कूटरवर तारकर्ली मागे पडताना मी म्हटलं, "कपॅसिटर आधी डिस्चार्ज करूक विसरा नको." ती म्हणाली, "नाय." एवढंच माझं मार्गदर्शन.

जेवणघरात कंपनीचा माणूस वाट पाहत होता. 'आजचे मासे'च्या खाली एक एसी मांडलेला. पंखा फिरतो, गार होत नाही, अर्ध्या तासात बिघाड सांगा. दर्शनाने करवंटी मागितली. पहिला स्क्रू तिच्या हातातून दोनदा सुटला. मग तिने तो करवंटीत ठेवला आणि मीटर उचलला. एक प्रश्न, एक उत्तर. पुढची जोडणी. पीं. पुढची. पीं. पुढची. गप्प.

तेवढ्यात दारात भिकाजी उभा राहिला. वाडीतल्या कोणाच्या तरी टेम्पोने आला असावा. छत्री नाही, घोंगडी नाही. त्याला आत बोलवावं म्हणून मी उठलो, तर त्याने हाताने थांबवलं आणि माझ्या शेजारी उलटी खुर्ची सुलटी करून बसला. त्याच्या अंगाखाली पाण्याचं तळं व्हायला लागलं.

"पडली?" मी हळूच विचारलं.

"पडली."

"खंयची?"

"तिचो प्रश्न. तिका सांगतलंय." तो समोर पाहत होता. दर्शनाने चिकटपट्टीखाली मुद्दाम तोडून लपवलेली तार शोधली होती, कंपनीचा माणूस मान हलवत होता, पण ती थांबत नव्हती. भिकाजी म्हणाला, "बाबलकाकांनी सांगल्यानी. तुमकाय इचारलेल्यानी म्हणे तेव्हा. परत घालू काय म्हणान."

जेवणघरात गाज फार मोठी ऐकू येत होती.

"व्हय," मी म्हटलं.

"तुमी काय म्हटलास?"

"नको म्हटलंय."

"कित्याक?"

आयुष्यात मी एकदाच कोणाला तरी स्पष्ट नको म्हटलं आहे, आणि ते तिथे, त्या दगडाच्या जमिनीवर. डावी कळी पडली तेव्हा माझ्या छातीवरून धोंडा उतरला होता. मुंबईचं पत्र आल्यापासून मला झोप नव्हती. एवढं मोठं शहर, कोणाची ओळख नाही, आपल्याला जमलं नाही तर? देवीने माझी सुटका केली होती. आणि मग पुढची तीस वर्षं मी तिचीच तक्रार करत आलो, लग्नांत, बारशांत, पालकसभांत, की बाईने मला कोंडून ठेवलं.

"भियालंय," मी म्हटलं.

भिकाजीने मान हलवली. त्याला त्यात काही विशेष वाटलेलं दिसलं नाही. मुलीकडे बोट करून म्हणाला, "ताय भियाता. हात बघा." मी पाहिले. बोटं थरथरत होती. थरथरत्या बोटांनी ती मागच्या पेटीतल्या तांब्याच्या नळीवरचा हिरवा थर खरवडत होती. "सर, हे तुम्ही घातलेलं नाही," ती कंपनीच्या माणसाला ऑफिसातल्या मराठीत सांगत होती. "ही आमची हवा आहे. तार जोडली तरी हा चालणार नाही. इथून वायू निघून गेलाय." त्या माणसाने चष्मा काढून पुसला आणि वाकून पाहिलं. त्याला तो दुसरा बिघाड ठाऊकच नव्हता.

भिकाजी उठला. "जांव दे तिका," तो म्हणाला. कोणाला म्हणाला, मला अजून नक्की सांगता येत नाही.

श्रावणात ती गेली. स्टँडवर तिने मला सांगितलं, बा म्हणाला, उजवी पडली. गणपतीत मी बाबलकाकांना सहज म्हणून विचारलं. ते म्हणाले, "कळी पडली तेव्हा मी भायर पान लावी होतंय. बघणारो भिकाजी एकटो." आणि पान माझ्यापुढे केलं. मी पुढे विचारलं नाही. परत घालायला सांगायची मला सवयच नाही.

आता ती पुण्यातच नोकरीला आहे. कुठल्या तरी चौदाव्या मजल्याच्या बाहेर, पट्ट्याने स्वतःला बांधून घेतलेले फोटो पाठवते. खाली रस्ते, पुढे जाणारे. मी ते पाहताना घराच्या फरशीला पाय घट्ट रोवून बसतो. आईचे गुडघे तिने घरात बसून जे ठरवलं त्याप्रमाणे चालले आहेत, म्हणजे मावशी राहायला आली आहे आणि दोघी भांडतात. देवबागचं अंगण यंदा आणखी आखूड झालं. भिकाजी रापणीत ओढतो. यंदाही वर्ग सुरू आहे, फीत तीच आहे, ओळखपत्रावरचा माझा चेहरा दमट हवेने फिकट होत चालला आहे. मी इथेच आहे. कुलपं उघडून देतो आणि उघडलेल्या दारातून आत डोकावून, वास घेऊन, घरी येतो.

परवाचं ते कुलूप उघडून आलो त्या संध्याकाळी सुनंदा ओटीवर कुळीथ निवडत होती. मी शेजारी बसलो. म्हटलं, तुला एक सांगायचं आहे, ती कळीची गोष्ट मी पूर्ण सांगत नाही. आणि तिला सांगितलं. बाबलकाकांनी परत घालू का विचारलं होतं, मी नको म्हटलं होतं, मला कोणी अडवलं नव्हतं. इतकी वर्षं जपलेली गोष्ट, दोन मिनिटांत संपली. मी वाट पाहत राहिलो.

तिने सुपातला एक खडा उचलून अंगणात टाकला.

"माका म्हायत आसा," ती म्हणाली.

"कधीपास्ना?"

"लग्नाआदीपास्ना. बाबलकाकाच स्थळ घेवन इलेले ना आमच्याकडे." ती परत निवडायला लागली. "माझ्या बापाशीन इचारलेल्यान, झिल कसो आसा? तर म्हणाले, झिल बरो आसा. खंय जावचो नाय. म्हणान तर दिल्यानी माका."